हिराच्या नावावरच्या गाड्या

हिराची आणि माझी ओळख पेठ गावातल्या शाळेत, प्रौढ साक्षरता वर्गात झाली. ती शिकवणारी होती आणि मी शिकणारी. माझे वय तेव्हा चौसष्ट होते आणि तिचे एकोणचाळीस. दिवसभर ती एका शाळेची बस चालवत असे. मुलांना घरोघरी पोहोचवून, बस मालकाच्या आवारात लावून, सहा वाजता ती स्कूटीवरून वर्गात येई. या शिकवण्याचे तिला काही मानधन नव्हते.

ती वर्गात कधी बसली नाही. तिच्यासाठी खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर आमच्या पिशव्या असत. फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत तिची ये-जा चालू राही. मी एकदा तिला म्हणाले, "अगं, टेक की घटकाभर."

"दिवसभर टेकल्यालीच असते की, मावशी," ती म्हणाली. "स्टेरिंगफुडं."

आमच्या वर्गाच्या वार्षिक अंकासाठी 'आपल्या परिसरातील एक व्यक्ती' हा विषय दिलेला आहे. मी हिराविषयी लिहीत आहे. जे मी पाहिले किंवा माझ्यासमोर बोलले गेले, तेवढेच लिहिते.

हिराचे माहेर मेंढपाळाचे. दिवाळी झाली की तिचे वडील राघू आणि भाऊ दादाभाऊ मेंढरे घेऊन माळशेज घाटाने खाली कोकणात उतरतात. मेंढरे आणि त्यांच्यामागून हिंडणारे कुटुंब, या सर्वांना मिळून ते 'वाडा' म्हणतात. वाडा पावसाच्या तोंडावर परत येतो. पूर्वी बाडबिस्तरा घोड्यावर असे. आता तो मोटारसायकलींवर असतो. चालता न येणारी कोकरे, पाण्याचे कॅन, भांडी, आजारी माणूस, सर्व काही मोटारसायकलीवरच जाते.

हिराला मात्र तिच्या आत्याने पेठमध्ये ठेवून घेतले आणि शाळेत घातले. घरातले तेवढे एकच माणूस एका जागी राहिले आणि वाचायला शिकले. त्यामुळे घरात कोणताही कागद करायचा झाला, तर तो हिराच्या नावावर होऊ लागला. मोबाईलचे कार्ड तिच्या नावावर, गॅस तिच्या नावावर, पहिली मोटारसायकल तिच्या नावावर, आणि पुढे दुसरी आणि तिसरीही. यात कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता. सही करणारी ती, पत्ता असलेली ती, म्हणून नाव तिचे. आमच्या भागात अशी कितीतरी घरे आहेत. वाड्यातल्या माणसांना परवाना काढायचा म्हटले तर संगणकावर वाचून परीक्षा द्यावी लागते, आणि वाचणारी तर एकटी हिराच होती.

गाडी चालवायला ती वाड्यासाठीच शिकली. भावाने भाड्याने आणलेली पिकअप तिने पहिल्यांदा माळावर फिरवली. नंतर टोमॅटोचे टेम्पो नारायणगावच्या बाजारात नेले. नंतर जड वाहनाचा परवाना काढला. एका सरकारी बससेवेत चालकांची भरती निघाली, तेव्हा तिने अर्ज केला. वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटची भरती होती. लेखी परीक्षेत ती पास झाली. चाचणीच्या मैदानावर आठाच्या आकड्याच्या वळणावरून तिने बस उलटी आणली आणि एकाही खांबाला धक्का लावला नाही. निवड यादीत तिचा अकरावा नंबर लागला. वर्गात तिने स्वतः काही सांगितले नाही. तिची मुलगी प्रांजल दहावीत आहे, ती पेढे घेऊन आली, तेव्हा आम्हाला कळले.

कागदपत्रांच्या तपासणीसाठी तिला पुण्याला बोलावले. सोबत कोणीतरी मोठे माणूस हवे म्हणून तिने मला नेले. जाताना एसटीत ती खिडकीशी बसली, पण तिचे लक्ष बाहेर नव्हते. चालकाचे पाय दिसतील अशा बेताने ती पुढे वाकून बसली होती. पेठपासून राजगुरुनगरपर्यंत तिचा उजवा पाय त्या चालकाबरोबर ब्रेक दाबत होता.

कचेरीत टेबलावरच्या साहेबांनी तिचे सर्व दाखले पाहिले. शेवटी एक हमीपत्र पुढे केले. त्यात लिहिले होते की माझ्या नावावरील कोणत्याही वाहनावर वाहतूक नियमभंगाचे प्रकरण प्रलंबित अथवा सिद्ध नाही. हिरा सही करणार, एवढ्यात साहेबांनी तिचे नाव संगणकात घातले आणि चष्मा वर केला.

"बाई, तुमच्या नावावर चार गाड्या आहेत. टुरिस्टचा धंदा आहे का तुमचा?"

"मेंढरांचा," हिरा म्हणाली. चारांतल्या तीन वाड्याच्या मोटारसायकली होत्या, चौथी तिची स्कूटी.

"आणि यातल्या तीन मोटारसायकलींवर मिळून एकोणतीस चलान आहेत."

हिराने खुर्चीची कड धरली. साहेबांनी पडदा आमच्याकडे वळवला. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो एकामागून एक दिसू लागले. मुरबाडजवळचा, कर्जतजवळचा, पनवेलजवळचा. एका फोटोत तिचे वडील लाल फेटा बांधून गाडीवर होते. त्यांच्या पुढे टाकीवर झोळीत कोकरू होते आणि मागे दोन माणसे होती. कोकराने तोंड बाहेर काढले होते. साहेबांना हसू आले. त्यांनी ते आवरले, हे मी पाहिले.

हिरा म्हणाली, "ह्यातल्या एकाबी फोटोत मी न्हाई, साहेब."

मी मध्ये बोलले. "या तारखांना ही आम्हाला शिकवत होती. आमच्या वर्गाचा हजेरीपट आहे. तो आणून दाखवते."

"मावशी, मशीन मालक ओळखते. चालवणारा ओळखत नाही."

त्यानंतर जे बोलणे झाले, ते मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे, कारण त्यात कुठेतरी वाट असेल असे मला वाटत असे. हिरा म्हणाली, सर्व चलान भरून टाकते. साहेब म्हणाले, भरले म्हणजे नियमभंग कबूल केला, आणि नियमभंग सिद्ध झालेला उमेदवार चालकाच्या जागेला अपात्र आहे. ती म्हणाली, मग हरकत घेते. ते म्हणाले, जरूर घ्या, पण निकाल लागेपर्यंत प्रकरण प्रलंबितच राहणार, आणि तुम्हाला मुदत आहे पंधरा दिवसांची. ती म्हणाली, मग गाडी कोण चालवत होते त्याचे नाव देते.

"द्या. त्याचा परवाना क्रमांकही द्या."

हिराने हातातले पेन टेबलावर ठेवले.

"परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली असेल, तर तो गुन्हा पुन्हा मालकाचाच," साहेब म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते. आमच्या मागे रांग होती.

बाहेर पायऱ्यांवर लोणीचा सार्थक नावाचा सव्वीस वर्षांचा उमेदवार बसला होता. त्याचा यादीत नववा नंबर होता. त्याने आपली मोटारसायकल दोन वर्षांपूर्वी विकली होती, पण घेणाऱ्याने ती स्वतःच्या नावावर करून घेतली नव्हती. आता तो घेणारा नगरकडे कुठे तरी सिग्नल तोडत होता आणि चलान सार्थकला येत होते. असे त्या एका टेबलावरून परत पाठवलेले एकूण सात जण होते. आम्ही त्याला भाकरी दिली. तो खाता खाता म्हणाला, "तुमचे निदान घरचे तरी हायेत, ताई. माझा तर फोनबी उचलत न्हाई."

घरी आल्यावर हिराने माझ्या ओट्यावरून वडिलांना फोन लावला. ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मला सर्व ऐकू आले.

"आप्पा, गाड्या माझ्या नावावरनं काढा."

"आन् कुणाच्या नावावर करू? मेंढ्याच्या?" राघू म्हणाले.

"तुमच्या. दादाच्या."

"पत्ता काय लिहू? बाभळीखाली, दुसरा माळ? अगं, आमचा पत्ता तूच हायेस."

"हेल्मेट तरी घाला."

"फेट्यावर घालू का फेट्याखाली?"

मागून दादाभाऊ म्हणाला, "आक्का, त्या कॅमेऱ्यात कोकरूबी येतंय व्हय? मंग त्येलाबी चलान पाठवा म्हणावं."

ते दोघे हसत होते. हिरा हसली नाही. तिने सांगितले की यामुळे माझी नोकरी जाते आहे. मग राघू म्हणाले, "कोकरू चालंना, तर त्येला मी काय करू, सांग." हिराने फोन ठेवला.

पंधरातले चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी राजुरीला विधान परिषदेतले विरोधी पक्षाचे एक आमदार येणार, असे कळले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण हे लिखाण हिराविषयी आहे. लोकांनी आपल्या तक्रारी मांडाव्यात, अधिवेशनात त्या विचारल्या जातील, असा निरोप होता. हिराने स्वतःच्या हाताने दोन पानी अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी गेलो.

सभामंडपात गर्दी होती. एक गृहस्थ उठून म्हणाले, "साहेब, माझ्या ट्रॅक्टरला हेल्मेटचं चलान आलंय."

"मग घातलं का नव्हतं हेल्मेट?" आमदार म्हणाले, आणि मंडप हसला. पण नंतर ते हसले नाहीत. ते म्हणाले, "नियमाला माझा विरोध नाही. हेल्मेट न घालता मेलेली पोरं मी पाहिली आहेत. पण ज्याने चूक केली त्याला सोडून ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला धरायचं, हा नियम नव्हे, ही सोय झाली. आणि दुसरी गोष्ट. निवड यादीतली मुलं कागदाच्या तपासणीत अडवून ठेवायची, आणि तेवढ्यात ठेकेदाराकडून चालक आणून त्याच बसवर बसवायचे. त्या ठेक्यावरच्या चालकांच्या चलानांची तपासणी कोणी केली का, हे मी विचारणार आहे."

हे दुसरे आम्हाला नवीन होते. हिराने माझा हात धरला. अर्ज देताना तिने एवढेच सांगितले, "साहेब, शेवटचं पान वाचा." शेवटच्या पानावर तिने सातही जणांची नावे यादीतल्या क्रमाने लिहिली होती.

अधिवेशन सुरू झाले. वर्गात आम्ही प्रांजलच्या मोबाईलवर ते पाहिले. आमदारांनी दोन्ही मुद्दे मांडले. उत्तर देणारे म्हणाले की माहिती घेऊन ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. आमच्या वर्गातल्या हाजराबी जुन्नरहून लेकीकडे आलेल्या, त्या नियमाने वर्गाला येत. त्यांनी विचारले, "हे पटल कंचं? त्याच्यावर ठेवलं म्हंजी कुणी उचलतं का?"

"कधी उचलतं, कधी न्हाई," हिरा म्हणाली, आणि फळ्यावर त्या दिवशीचा धडा न लिहिता तिने रस्त्यावरच्या खुणा काढायला सुरुवात केली. त्रिकोण, गोल, तिरपी रेघ. अक्षर एकही नाही. त्या आठवड्यात तिने आम्हाला बाराखडी सोडून खुणाच शिकवल्या.

या दिवसांत तिला एका ठिकाणी स्थिर राहता येत नव्हते. शाळेची बस ती दुपारी धुवून पुन्हा संध्याकाळी धूत असे. माझ्याकडे चहाला येई आणि कप अर्धा असताना उठे. फोन वाजला नसला तरी पाही. तिची ती तगमग मलाही लागली. मी भाकरी तव्यावर टाकून विसरू लागले. आमच्या ह्यांनी, सावळेरामांनी, मला विचारले, "नोकरी तिला लागायची का तुला?"

मुदत संपायला तीन दिवस राहिले, तेव्हा फोन आला. हिरा माझ्या ओट्यावर होती. फोन आमदारांचे कार्यकर्ते सुदर्शन यांचा होता.

"ताई, काम झालं. आपल्या ऑफिसातून वरती शब्द गेला आहे. परवा जा, हमीपत्रावर सही करा. संगणकावर नाव घालणार नाहीत."

"आन् बाकीचे सहा?"

"कोण सहा?"

"अर्जात शेवटच्या पानावर हायेत."

"ताई, सगळ्यांसाठी एकदम शब्द टाकता येत नाही. आधी तुमचं होऊ द्या. बाकीच्यांचं बघू."

"त्यातले चौघं माझ्या वरच्या नंबरचे हायेत, भाऊ."

"अहो, तुम्ही घ्या की. किती दिवस रांगेत उभं राहायचं?"

तिने 'बघते' म्हणून फोन ठेवला. मी तिला स्पष्ट सांगितले की सही कर. मी म्हणाले, तुझे वय सरले, पुन्हा भरती नाही, प्रांजल दहावीला आहे, आणि तू तर गुन्हा केलेला नाहीस. मग खोटे काय आहे त्यात? मी हे मनापासून म्हणाले. माझे म्हणणे चुकीचे होते की बरोबर, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही, म्हणून ते लपवत नाही.

हिरा म्हणाली, "मावशी, हमीपत्रात लिवलंय की प्रकरण न्हाई. प्रकरण तर हाय."

"पण तू केलं नाहीस."

"सार्थकनं कुटं केलंय?"

मग ती उठली आणि तिने स्कूटी काढली. कुठे गेली ते मला माहीत नाही. दीड तासाने परत आली, तेव्हा म्हणाली की मी पेठपासून मंचरपर्यंत नुसती जाऊन आले. दुसऱ्या दिवशीही तसेच केले. त्या दिवशी तिने वडिलांना फोन करून सुदर्शन यांचा फोन आल्याची गोष्ट सांगितली. मला वाटले, ते म्हणतील घे. राघूंनी विचारले, "तुझ्या म्होरं किती हायेत?" ती म्हणाली, चार. ते म्हणाले, "मंग तुजं तू बघ," आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, सकाळी ती मला न्यायला आली. आमदार मंचरला एका कार्यकर्त्याच्या घरी उतरलेले होते. तिथे तिने जे मागितले ते मी शेवटी लिहिते. आधी काय झाले ते सांगते, कारण वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

हिराने हमीपत्रावर ते होते तसे सही केली नाही. तिने त्यातले 'नाही' खोडून तिथे 'आहे' लिहिले, खाली एकोणतीस चलानांची खरी हकिगत लिहून मग सही केली आणि पोच घेतली. तिचे पाहून सार्थकने आणि आणखी दोघांनी तसेच केले. उरलेल्या तिघांपैकी एकाची नेमणूक आठवड्यात झाली. ती कशी झाली, हे मला माहीत नाही. बाकी सर्वांपुढे कचेरीने 'निर्णय प्रलंबित' असा शेरा मारला. यादीची मुदत या जूनअखेर संपते. आज मे महिन्याची अठरा तारीख आहे. हिरा शाळेचीच बस चालवते आहे, आणि टपालवाला दिसला की तिची चाल बदलते.

वाडा यंदा लवकर परत आला. तीनपैकी दोन मोटारसायकली, पत्ता हिराच्या घरचा लावून, दादाभाऊच्या नावावर झाल्या आहेत. त्याने शिकाऊ परवाना काढला, कारण त्या खुणा आणि प्रश्न वाचण्यापुरती अक्षरे हिराने त्याच्याकडून जमिनीवर काठीने काढून घेतली. राघू संगणकापुढे एकदा नापास झाले. खुणा त्यांना सर्व येत होत्या, पण प्रश्न वाचता आले नाहीत. ते आता आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि मला 'क' आणि 'फ' मधला फरक विचारतात. हिरा त्यांनाही उभी राहूनच शिकवते.

मंचरला त्या सकाळी आमदार अंगणात उभे होते. बाहेर गाडी सुरू होती. हिराने त्यांना सांगितले की मला हा फोन नको आहे. ते रागावले नाहीत. थोडे थकल्यासारखे दिसले.

ते म्हणाले, "ताई, आम्ही विरोधात आहोत. सभागृहात आम्ही प्रश्न विचारतो, उत्तर मिळत नाही. फोन केला तर निदान एकाचं काम होतं. तुम्हाला तेही नको म्हणता. मग मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

हिराने चपला अंगणाबाहेर काढलेल्या होत्या. ती जागची हलली नाही. ती म्हणाली, "माझ्यासाठी केलेला फोन मागं घ्या, साहेब. आन् प्रश्न परत विचारा."